सुलूच्या बाटलीतलं माझं ग्लिसरीन

ग्लिसरीन मी घातलं होतं, सुलूनं नाही. एवढं एक वाक्य चार वर्षं जिभेखाली धरून फिरले, आणि आता लिहितेय तर ती वाचायला नाही. गेल्या महिन्यात मी कळमनुरीला लग्नाला गेले होते. पंगतीत बसले होते, तोच मुलाचा फोन आला... सुलूआत्या गेली, चहा पिता पिता गेली. खरकट्या हातानंच जीपमध्ये चढले.

सुलू माझी धाकटी नणंद. शाळेत खेळ शिकवायची, लग्न केलं नाही, निवृत्तीनंतर सेनगावला आमच्याकडेच राहिली. कुठल्याशा शिबिरात तिनं भिंतीवर चढायचा खेळ पाहिला आणि साठीच्या बाईला वेड लागलं. आमच्या सोयाबीनच्या गोदामाच्या मागच्या भिंतीला लाकडी ठोकळे बसवले, खाली जुन्या गाद्या अंथरल्या, आणि घरोघर जाऊन, आयांच्या चुलीपाशी बसून बसून दहाबारा पोरी जमवल्या.

घामानं हात सुटू नये म्हणून पोरी पांढरी पूड लावायच्या. पण गोदामामागं वारं असं, की निम्मी पूड डोळ्यांत. मग सुलू पातळ औषध करायला लागली. मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड, मेडिकलमधलं स्पिरिट आणि चिमूटभर राळ. राळ माझ्याच खलबत्त्यात कुटली, आठ दिवस चटणीला धुपाचा वास.

“सुलू, जेवू घालून राहिलीस का आरती करून राहिलीस?”

“खा गुमान, वहिनी. तेवढंच पुण्य लागंल तुमाला.”

बाटली खळखळ हलवायची, चार थेंब तळहातावर चोळायचे. स्पिरिट उडून जायचं आणि हातावर कोरडा पांढरा थर राहायचा. घरातल्या प्रत्येक कडीवर, फ्रिजवर, माझ्या पोथीच्या पुठ्ठ्यावरसुद्धा सुलूची पांढरी बोटं.

त्या हिवाळ्यात स्पिरिटनं पोरींचे तळवे फुटले. माझी नात गौरी भाकरी मोडताना ‘स्स’ करायची. मी तेव्हा अवघी पासष्टीची, म्हणजे कोवळीच, आणि जगातलं सगळं कळतं अशी खात्री असलेली. भेगांवर आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एकच इलाज, ग्लिसरीन आणि गुलाबपाणी. सुलू कसल्याशा कामानं हिंगोलीला गेलेली. मी तिच्या बाटलीत सढळ हातानं दोन्ही ओतलं, वर खळखळ हलवलंसुद्धा. केवढी हुशार बाई!

“आज्जी, हात वाळून न्हाई राहिले,” गौरी म्हणाली.

“थंडी हाय बाई. वाळतील. चढ तू.”

ती चढली. पार वरच्या ठोकळ्यावरून तिचा हात साबणासारखा सटकला आणि पोरगी गादीच्या कडेवर पडली. कोपर मोडलं.

सुलू परतली तेव्हा गौरीच्या हाताला प्लास्टर होतं. तिनं बाटली उघडली, वास घेतला, माझ्याकडं पाहिलं. मी गोधडीची घडी घालत होते. ती घडी मी मोडून पुन्हा घातली. मग आया अंगणात आल्या. “बाई, काय लावून राहिल्या तुमी लेकरायच्या हाताला?” एक जण ओरडली. सुलू म्हणाली, “माझंच प्रमाण चुकलं.” आणि मी काय केलं? मी त्या सगळ्यांना चहा दिला. साखर बराबर आहे का, हेही विचारलं.

दुसऱ्या दिवशी एकही पोरगी आली नाही. सुलू रोज संध्याकाळी गाद्या अंथरायची, तासभर बसायची, आवरायची. महिन्याभरानं पाना घेऊन एकेक ठोकळा उतरवला. मला ती कधी काही बोलली नाही... बोलली असती तर मी भांडले तरी असते. कित्येकदा वाटलं, आज सांगावं. पण रोज काहीतरी असायचंच, तूर वाळत घातलेली, पाहुणे आलेले, माझं डोकं दुखणारं. आता दमले मी या कारणांनी.

तेरावं उरकल्यावर गौरी सुलूची खोली आवरत होती. तिचं कोपर अजून पुरतं सरळ होत नाही. मी दारात उभी राहून तिला सगळं सांगितलं, गुलाबपाण्यासकट. वाटलं, रडेल, नाहीतर गळ्यात पडेल. तिनं हातातली चादर खाली ठेवली आणि म्हणाली,

“मला काहून सांगून राहिलीस, आज्जी? ज्यायनं पोरी धाडायच्या बंद केल्या, त्यायला सांग. आत्याआज्जीचं नाव त्यायच्या घरात खराब हाय, माझ्या न्हाई.”