चिकटवलेली पानं

आमच्या थोरल्या जाऊबाईंना सगळं गाव चिकटबाई म्हणतं. मुलांच्या वाचनालयात फाटकी पुस्तकं दुरुस्त करण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं, आणि मैद्याची खळ त्यांच्या नखांतून कधी पुरती निघाली नाही. माझ्याकडे जेवायला आल्या की हात धुताना बेसिन माझं खराब होणार, हे ठरलेलं. पण सुटलेलं पान असं बसवतील की बोट फिरवलं तरी कळू नये. याचा त्यांना भारी गर्व, आणि तो त्या अजिबात लपवत नाहीत.

शनिवारी मुलांना पुस्तक वाचून दाखवायचं कामही त्यांनीच अंगावर घेतलेलं. त्यात लाडकं पुस्तक एकच, एका जहाजाच्या सफरीचं. माझी दोन्ही मुलं त्यांच्या मांडीवर बसून त्यावरच वाचायला शिकली. त्या जहाजावर एक काळा स्वयंपाकी आहे. ओठ सुजल्यासारखे, डोळे खोबणीतून बाहेर, अंगावर नुसती पट्ट्यापट्ट्यांची चड्डी. स्वतःच्याच सावलीला घाबरून तो पातेल्यात लपतो. जाऊबाई त्याचा बोबडा आवाज काढायच्या आणि पोरं हसून हसून लोळायची.

मग ग्रंथपालबाईंनी असली जुनी पुस्तकं मुलांच्या कपाटातून हलवायचा विषय काढला. मोठ्यांच्या विभागात ठेवू, ज्याला हवं तो मागून घेईल, असं त्यांचं म्हणणं. कार्यकारिणीवर एक निवृत्त हेडमास्तर आहेत, त्यांचं पित्त खवळलं. "आपण हेच वाचून मोठे झालो. कोण बिघडलं?" एरवी जाऊबाई पदर खोचून त्यांच्या बाजूने भांडल्या असत्या. निर्णय पुढच्या सभेवर गेला, तरी या वेळी जाऊबाईंनी त्यांची बाजू घेतली नाही.

कारण होती त्यांची नात. लेकीने सातासमुद्रापलीकडचा, काळाभोर, दातांचा डॉक्टर पसंत केला तेव्हा जाऊबाई तोंड फुगवून बसल्या होत्या. नात झाली आणि रुसवा कुठल्या कुठे गेला. नातीचा रंग बापाचा, केसही बापाचे, कंगव्याला दाद न देणारे. लेक नुकतीच याच गावात राहायला आली होती, आणि या शनिवारी नात पहिल्यांदा वाचनालयात येणार होती.

"ताई, त्या दिवशी ते पुस्तकच नका काढू," मी म्हटलं.

"पोरं तेच मागतात गं. मी नाही दिलं तर कपाटातून ओढून आणतील." समोरचा चहा तसाच निवत होता. "आणि तिनेच उघडलं तर?"

शुक्रवारी मी गेले तर पातेल्याच्या चित्राची दोन पानं समोरासमोर चिकटवून त्यांनी वर जाडजूड शब्दकोश ठेवलेला.

"ताई, सभा व्हायचीये अजून."

"होऊ दे. तो मेला स्वयंपाकी उद्या बाहेर यायला नको, बास." मुलांनी उसवलेली पुस्तकं सांधण्यात केस पांढरे केलेल्या बाईला एवढं सुचू नये, की चिकटलेलं पान दिसलं की मुलांची नखं शिवशिवतात.

शनिवारी तेच झालं. जाऊबाईंनी ते जाड पान घाईघाईने उलटलं आणि एक मुलगी ओरडली, "पातेलं राहिलं!" दोघातिघांनी पुस्तकावर झडप घातली. खळ अजून ओलसर होती, पानं सुटायला वेळ लागला नाही.

"आवाज काढा ना, चिकटबाई."

त्यांनी काढला नाही. तरी मुलं हसली. मग एकाने चित्राकडे बघितलं, नातीकडे बघितलं, आणि हळूहळू सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. मग तीही हसायला लागली, सगळ्यांत मोठ्याने.

घरी येताना आजीचा हात धरून ती म्हणाली, "आजी, मी हसले ना, मग ते माझ्याकडे बघायचे थांबले."

सभेत हेडमास्तरांनी ठेवणीतला मुद्दा काढला. "मी दारातच उभा होतो. अहो, तुमची नातसुद्धा पोट धरून हसली."

"हसली," जाऊबाई म्हणाल्या. "म्हणूनच म्हणते, हलवा ते तिथून."

पुस्तक त्यांनी स्वतःच मोठ्यांच्या विभागात नेलं. त्याआधी ओल्या फडक्याने त्या दोन पानांवरची खळ पुसून काढली. "आता मोठ्यांनी बघू दे, नीट," एवढंच बोलल्या.

पुढच्या शनिवारी एका हट्टी बदकाची गोष्ट होती. बदक चिखलात आपटलं तशी सगळी मुलं खिदळली. नातीने आधी सगळ्यांच्या तोंडांकडे एकदा बघून घेतलं, आणि मग हसली. जाऊबाई वाचता वाचता थांबल्या. चष्मा काढून पुसायला लागल्या, आणि मुलं पुढे वाचा, पुढे वाचा म्हणत राहिली.