सज्ञान होण्याची चौकशी

सोळा वर्षांची असताना मी एकदा वकिलाकडे गेले होते. आईवडिलांपासून कायद्यानं वेगळं होता येतं का, हे मला विचारायचं होतं.

घरात मला कुणी मारत नव्हतं की उपाशी ठेवत नव्हतं. सिंगापूरच्या बेडोक भागात नवव्या मजल्यावर आमचा भाड्याचा फ्लॅट होता. बाबा एका कंपनीत इंजिनिअर होते, आई घर सांभाळायची. मी सात वर्षांची असताना आम्ही नागपूरहून सिंगापूरला आलो होतो आणि त्यानंतरची माझी सगळी शाळा इथेच झाली. दहावीच्या बरोबरीची परीक्षा संपली त्याच आठवड्यात बाबांनी जेवताना सांगितलं, की आता मी नागपूरला काकांकडे राहायचं, अकरावी-बारावी तिथेच करायची आणि सोबत इंजिनिअरिंगच्या एन्ट्रन्सचा क्लास लावायचा. काकांनी क्लास बघूनसुद्धा ठेवला होता.

मला पॉलिटेक्निकमध्ये झाडांचा आणि बागांच्या आखणीचा डिप्लोमा करायचा होता. आमच्या रस्त्यावरच्या मोठ्या झाडांच्या फांद्या छाटायला माणसं यायची तेव्हा मी बस सोडून देऊन बघत उभी राहायचे. कुठली फांदी ठेवायची आणि कुठली काढायची हे त्यांना खालून कसं दिसतं, याचं मला फार नवल वाटायचं. बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, माळीकाम शिकायला कुणी परदेशात राहत नाही. ते रागावून बोलले नाहीत, त्यामुळे मला भांडताही येईना. आई ताटाकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी हे वर्गातल्या एका चिनी मैत्रिणीला सांगितलं. ती नूडल्स खात होती. फारसा विचार न करता ती इथल्या इंग्रजीत म्हणाली, "देन डिव्होर्स युअर पॅरेंट्स लाह. अमेरिकेत करतात."

मी लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर शोधलं तर खरंच करत होते. अमेरिकेतल्या काही राज्यांत सोळा वर्षांची मुलं कोर्टात अर्ज करून आईवडिलांच्या ताब्यातून मोकळी होत होती. त्यासाठी वापरलेला 'इमॅन्सिपेशन' हा शब्द मला इतिहासाच्या पुस्तकात गुलामांच्या धड्यात भेटला होता. तो आपल्यालाही लागू पडू शकतो याची मला गंमत वाटली. पालकांच्या सहीचं काय होत असेल? आजारी पडलं तर दवाखान्यात कुणाला बोलावत असतील? मोकळं झाल्यावर रविवारी घरी जेवायला जाता येतं का? माझा राग एव्हाना बराच मागे पडला होता आणि हे सगळं चालतं कसं, याचाच मी विचार करत होते.

आमच्या बिल्डिंगखालच्या नोटीस बोर्डावर कम्युनिटी सेंटरमधल्या मोफत कायदेशीर सल्ल्याचा कागद लागलेला असायचा. मी फोन करून वेळ घेतली. संध्याकाळी तिथे पोहोचले तेव्हा हॉलमध्ये प्रौढ बायकांचा नाच चालला होता आणि बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पाच-सहा माणसं हातात फायली धरून बसली होती. सगळ्यांत लहान मीच. माझ्याकडे फाईल नव्हती, म्हणून मी शाळेची वही मांडीवर धरून बसले.

आत एक चिनी बाई होत्या, आईपेक्षा वयानं मोठ्या, चष्मा दोरीला बांधलेला. माझा प्रश्न ऐकून त्या हसल्या नाहीत. घरात कुणी मारतं का, खोलीत कोंडतं का, खायला मिळतं का, असं त्यांनी एकेक विचारलं. मी नाही, नाही, मिळतं असं सांगत गेले. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि हे सगळं नीट आहे तर मग काय हवं आहे, असं विचारलं. मी नागपूरचं आणि झाडांचं सांगितलं.

त्या म्हणाल्या, अमेरिकेसारखा अर्ज इथे नाही. इथे एकवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत मूल ते मूलच, काही गोष्टींपुरती अठरानंतर थोडी मोकळीक असते इतकंच. मग त्यांनी माझं कार्ड मागितलं. ते डिपेंडंट पासचं कार्ड होतं, इथे नोकरीवर आलेल्या माणसाच्या बायकामुलांना मिळतं ते.

"समज, एखाद्या कोर्टानं तुला वडिलांपासून वेगळं केलंच," त्या म्हणाल्या, "तर हे कार्ड जाईल. कार्ड गेलं की तुला देश सोडावा लागेल. कुठे जाशील?"

मी विचार केला. "नागपूरला."

तेव्हा मात्र त्या हसल्या आणि मलाही हसू आलं. त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून दिलं, की पॉलिटेक्निकमध्ये प्रवेश मिळाला तर स्टुडंट्स पास मिळू शकतो, तो माझ्या स्वतःच्या नावावर असेल, कॉलेजला विचारून बघ. निघताना म्हणाल्या, की असा प्रश्न घेऊन त्यांच्याकडे आजवर कुणी आलं नव्हतं.

घरी आल्यावर मी कपाटातली कागदांची पिशवी काढली. मला बाकीच्यांची कार्डं बघायची होती. आईचं कार्ड माझ्यासारखंच निघालं, डिपेंडंट. तिच्या आणि माझ्या कार्डात फोटो आणि नाव एवढाच फरक. त्याच पिशवीत नागपूरच्या एका जुन्या विम्याचे कागद होते आणि त्यावर माझ्या नावापुढे 'अज्ञान' असं छापलेलं होतं. माझं मराठी घरात बोलण्यापुरतं. मला वाटलं, विमा कंपनीनं मला अडाणी ठरवलंय. मी ते आईला दाखवायला गेले आणि कागदांमधून वकीलबाईंची चिठ्ठी खाली पडली.

आईनं चिठ्ठी दोनदा वाचली. आधी तिनं मला अज्ञान म्हणजे कायद्यानं वयात न आलेली हे समजावलं. मग चिठ्ठी कुठली ते विचारलं. मी सगळं सांगून टाकलं, वेगळं होण्याचंसुद्धा. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती कणकेचे हात पुसत खुर्चीवर बसली आणि तिनं विचारलं, "त्या बाईंनी डिपेंडंटबद्दल आणखी काय सांगितलं?"

मी म्हटलं, आणखी काही नाही.

"माझ्याबद्दल विचारलं नाहीस?"

मला तसं सुचलंही नव्हतं. आई सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. होती आणि लग्नाआधी व नंतरही नागपुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती, हे मला माहीत होतं, पण आजोबा शिक्षक होते हे माहीत असतं तितपतच. आम्ही इथे आलो तेव्हा ओळखीच्या एका बाईंनी तिला सांगितलं होतं, की या कार्डावर नोकरी करता येत नाही. ते तिनं नऊ वर्षं खरं मानलं होतं.

पंधरा दिवसांनी आम्ही दोघी कम्युनिटी सेंटरला गेलो. या वेळी खुर्ची तिची होती आणि मी शेजारी. आईनं इंग्रजी वाक्यं घरी पाठ केली होती, पण त्या बाईंसमोर ती सगळी विसरून सरळ बोलली. उत्तर फार सोपं निघालं. या कार्डावर नोकरी करता येत होती. नोकरीवर घेणाऱ्या कंपनीनं सरकारकडे अर्ज करून संमतीचं पत्र मिळवायचं, एवढंच.

बाहेर आल्यावर आई मला हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, घेऊन गेली. तिथे तिनं आमच्या दोघींसाठी सोयाबीनचं गोड दही घेतलं, जे तिला एरवी आवडत नसे, आणि ते संपवलं. मग म्हणाली, "नऊ वर्षांत मी एकदाही विचारलं नाही गं कुणाला."

बाबांना तिनंच सांगितलं, त्या रविवारी, घरातली बुद्धवंदना झाल्यावर. माझ्या वकिलाचंही सांगितलं. मी आतल्या खोलीत दाराशी उभी होते. बाबांनी मला हाक मारली आणि समोर बसवलं.

"माझं कार्ड कुणावर आहे, माहीत आहे का तुला?" त्यांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं, ते कंपनीवर आहे. आणि कंपनी त्यांचा विभाग इथून हलवणार, असं चार महिन्यांपासून कानावर येत होतं. कधी ते कुणी सांगत नव्हतं. त्यांची नोकरी गेली की आम्हा तिघांनाही जावं लागणार, आणि माझी शाळा अर्ध्यावर तुटणार, म्हणून त्यांना मला आधीच नागपूरला नीट बसवून द्यायचं होतं. हे त्यांनी आईलाही सांगितलं नव्हतं. का नाही सांगितलं, असं आईनं विचारलं, तर म्हणाले, "नक्की नव्हतं ना अजून काही."

मी बाबांना घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. खरं तर तेव्हाही ते घाबरलेले दिसत नव्हते. चष्मा काढून पुसत होते आणि पुसून झालेली काच परत पुसत होते. मला त्यांना पुष्कळ विचारायचं होतं. ऑफिसात हे कोण बोललं, ते दुपारी डबा कुणाबरोबर खातात, आणखी कुणाकुणाची कार्डं अशी आहेत. मी विचारत गेले आणि त्यांनी सगळ्याची उत्तरं दिली. आमचं इतकं बोलणं आधी कधी झालं नव्हतं.

सोमवारी ऑफिसातून त्यांनी स्वतः पॉलिटेक्निकला फोन केला. वकीलबाई म्हणाल्या होत्या ते बरोबर होतं, स्टुडंट्स पास बाबांच्या नोकरीवर अवलंबून नव्हता. काकांना त्यांनी क्लास नको म्हणून कळवलं. माळीकामाबद्दल ते पुन्हा काही बोलले नाहीत. तो डिप्लोमा त्यांना पटला होता असं मला आजही वाटत नाही.

मला प्रवेश मिळाला. आईला आणखी तीन महिन्यांनी अन्नपदार्थ तपासणाऱ्या एका लहानशा लॅबमध्ये नोकरी लागली. ती सकाळी माझ्याआधी घराबाहेर पडायला लागली आणि भाजी कधी मी, कधी बाबा करायला लागलो. बाबांचा विभाग हलला तो दीड वर्षानं. त्यांना कंपनीनं पुण्याला जागा दिली. मी स्टुडंट्स पासवर इथेच राहणार होते, एका मलय आजींच्या घरातल्या भाड्याच्या खोलीत. आईचं संमतीचं पत्र मात्र बाबांच्या कार्डावर टेकलेलं होतं. ते कार्ड संपलं तसं तिचं कामही संपलं.

शेवटच्या दिवशी तिनं मला लॅबमध्ये बोलावून घेतलं. तिच्या साहेबांची परवानगी काढली होती. मला पांढरा कोट घातला, केस टोपीत कोंबले आणि मायक्रोस्कोपसमोर बसवलं. मला आधी फक्त धूसर पिवळं दिसलं. आई मागून वाकली, न बघताच दोन बोटांनी बाजूची चकती किंचित फिरवली, आणि काचेवर जांभळ्या ठिपक्यांच्या माळा स्पष्ट झाल्या. दह्यातले जंतू होते ते. ती सांगत होती, हे कोण, ते कोण, कुठले चांगले, कुठले आले तर अख्खा माल परत पाठवायचा. मी बघत होते आणि विचारत होते. तिच्या टेबलावर दुसऱ्या कुणाचे तरी हातमोजे येऊन पडले होते, पण साहेबांनी आम्हाला उठवलं नाही.