गल्लीचा पंच

हे सांगायचं मी कित्येक वर्षं टाळत आलो. कुणी विषय काढलाच, तर मी चहा सांगायचो किंवा उसाचं बोलणं काढायचो. धाकटा भाऊ गेला तेव्हा भेटायला आलेली माणसं म्हणत होती, ‘अण्णानं त्याला जन्मभर पाठीवर वागवलं.’ मी मान खाली घालून ऐकत होतो. ते ऐकायला मला बरंही वाटत होतं. म्हणून आता खरं काय ते लिहितो.

धाकट्याचे दोन्ही पाय लहानपणीच पोलिओनं गेले. शाळेत, जत्रेत, बेळगावच्या दवाखान्यात मी त्याला पाठुंगळी न्यायचो. येळ्ळूरच्या वाटेवरच्या आमच्या गावात सगळे मला त्याच्यामुळंच ओळखायचे. बायका दारातून म्हणायच्या, ‘असा भाऊ मिळाया नशीब लागतं गं.’ तो पाठीवर असला की मी चार बोटं उंच व्हायचो.

पुढं मी उद्यमबागेत फाउंड्रीत लागलो. तो घरी बसून पंपाच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरायला शिकला, आणि आसपासच्या विहिरींवरच्या मोटारी त्याच्याकडं येऊ लागल्या. मग चाकाची खुर्ची आली. आता त्याला माझी गरज उरली नाही. पंचायतीच्या पायऱ्यांशेजारी उतार करा म्हणून तो वर्षानुवर्षं अर्ज देत राहिला. शेवटी तो उतार झाला, आणि गुडघे धरून चालणाऱ्या म्हाताऱ्याही त्यावरूनच वर जाऊ लागल्या. कन्नड नोटीस आली की लोक ती त्याच्याकडून समजून घ्यायचे. मी तोवर निवृत्त होऊन कट्ट्यावर बसलेलो. माणसं यायची, मला रामराम घालायची आणि विचारायची, ‘अण्णा, धाकटा हाय न्हवं घरात?’

ते मला खुपायचं. पंगू भावाचा हेवा करतो असा माणूस मी कुठं पाहिला नव्हता, म्हणून त्याला हेवा म्हणायचं हेही मला बराच काळ सुचलं नाही.

मग लक्ष्मीच्या यात्रेची बैठक आली. आमच्याकडं ही यात्रा बऱ्याच वर्षांनी एकदा भरते. प्रत्येक गल्ली आपला एक पंच देते. देवळाच्या मंडपात गल्लीचं नाव पुकारलं की तिच्या माणसानं पुढं होऊन देवीचा भंडारा, म्हणजे हळद, तळहातावर घ्यायचा. ज्याच्या हातात भंडारा, तो पंच. मग त्यात बदल नाही. मागच्या खेपेला वडील पंच होते, तेव्हा आता मीच, असं मी धरून चाललो होतो. नवी टोपीसुद्धा आणली होती. आदल्या संध्याकाळी गल्ली बसली आणि धाकट्याचं नाव ठरलं.

‘अण्णा, राग मानू नगा,’ शेजारचा म्हणाला. ‘रथ बघाया म्हातारीकोतारी, आंधळी-पांगळी समदी येत्यात. त्यांचं कळणारा एक तरी पंच पायजे.’

‘राग कशाचा? घरातलाच हाय की,’ मी म्हणालो.

बैठकीला गल्लीतल्या तरुणांनी देवळाच्या पायऱ्यांवर फळ्या टाकल्या. धाकटा खुर्ची वर घेणार, इतक्यात मी म्हणालो, ‘चपला आपण खाली काढतोय. मग गटारातनं आलेली चाकं वर कशी चालतील?’

पुजाऱ्यानं माझ्याकडं बघितलं. एक वडीलधारे म्हणाले, ‘इचार बरोबर हाय अण्णाचा.’

‘मग अण्णाच उचलून आणू देत की. पयलं आणत हुतं न्हवं?’ मागून कुणीतरी म्हणालं.

‘कंबर गेलीया माझी,’ मी सांगितलं. कंबर धड होती. सकाळीच पेंडीचं पोतं मी एकट्यानं गोठ्यात नेऊन ठेवलं होतं.

तरुण पुढं झाले, तर धाकट्यानं हात केला. ‘नगं रं. आज उचलून गेलो तर दर खेपंला उचलूनच यावं लागंल. चाकं धुतो, झालं.’ मग माझ्याकडं बघून हसला, ‘काय अण्णा, एका बादलीत भागंल न्हवं?’ सगळे हसले. मीही हसलो.

देवळामागच्या नळाला धार बारीक होती. इकडं गल्ल्या पुकारायला सुरुवात झाली. आमचं नाव आलं. ‘जरा थांबूया की,’ कुणी म्हणालं. मी उठलो. ‘एकच घर हाय. त्याच्या वतीनं मी घेतो,’ म्हणालो आणि हात पुढं केला. भंडारा कुणाच्या वतीनं घेता येत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. पण देवीपुढं पसरलेला हात रिकामा मागं पाठवायचं धाडस कुणी केलं नाही.

तो फळ्यांवरून वर आला तेव्हा चाकांतून पाणी निथळत होतं. माझा पिवळा हात त्यानं पाहिला. ‘व्हय,’ एवढंच म्हणाला, आणि कुणाची वाट अडू नये म्हणून खुर्ची खांबाजवळ घेतली.

यात्रेआधी त्यानं मला सगळं समजावून दिलं. रथाची वाट कुठं रुंद आहे, खुर्च्या नि कुबड्या कुठं पुढं बसवाव्यात, दिसत नाही त्यांच्याशेजारी रथाचं सांगणारं एकेक माणूस कसं द्यावं. मी ते कमिटीत माझं म्हणून मांडलं. यात्रेत तसंच झालं. एका आंधळ्या म्हातारीनं माझे हात धरले, म्हणाली, ‘लई बघितलं रं बाबा आज.’ कमिटीनं मला शाल घातली. शाल खांद्यावर असतानाही मला हेवा त्याचाच वाटत होता. डोकं त्याचं होतं, आणि तो ते कुणाला सांगत नव्हता. सांगितलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं.

पुढं तो आजारी पडला. दवाखान्यातून घरी आणला तेव्हा मी रोज जाऊन बसायचो. एकदा त्याची बायको चहा ठेवायला आत गेली आणि आम्ही दोघंच राहिलो.

‘बोल की अण्णा,’ तो म्हणाला. ‘कायतरी बोलायचं हाय तुला.’

‘विहिरीवरची मोटार लई तापतीया रं,’ मी म्हणालो.

त्यानं डोळे मिटून विचार केला. ‘बेरिंग बघून घे,’ म्हणाला. चहा आला. मी तो प्यालो आणि उठलो. त्यानंतर तसे दोघंच आम्ही कधी बसलो नाही.

मला म्हणायचं होतं ते एवढंच: गल्लीनं तुला निवडलंतं. पंच तू हुतास. मी तुला वर यू दिलं न्हाय. माझं चुकलं रं.