फोगलचे मूळ गाव

ईश्वराने मनुष्यास वाणी दिली ती बोलण्यासाठी. परंतु नवागामच्या आमच्या एका शेजाऱ्यांना ती केवळ शब्दांची झडती घेण्यासाठीच दिली असावी, असे माझे नम्र मत आहे. नव्वदीच्या दशकात हे गृहस्थ पांडेसऱ्याच्या एका कापड मिलमध्ये साड्यांच्या घड्या घालीत. भंगारवाल्याकडून वजनावर घेतलेला एक जुना इंग्रजी कोश ते जेवणाच्या डब्यासोबत नेत, रोज एक शब्द पाठ करीत आणि पाळीवरून परतताना दिसेल त्याला तो ऐकवीत. गुजराती भाजीवाली तर त्यांना पाहताच म्हणे, "भाई, पेलां शाक लई लो, शबद पछी." म्हणजे आधी भाजी, शब्द नंतर.

एके दिवशी त्यांना 'फोगल' भेटला. जुन्या लंडनचे खिसेकापू रेशमी हातरुमालाला फोगल म्हणत. व्युत्पत्तीपाशी मात्र कोश अडखळला होता. कोणी तो पान या अर्थाच्या इटालियन शब्दापासून आलेला मानी, कोणी पक्षी या अर्थाच्या जर्मन शब्दापासून. निश्चित काहीच नव्हते. गृहस्थांना अन्न गोड लागेना. "लंडनच्या चोरांचा रुमाल शोधताहेत," त्यांची पत्नी मला म्हणाली, "घरातला टॉवेल मात्र सापडत नाही."

तशात गणेशोत्सवात मंडळाने त्यांचे भाषण ठेवले; आयुष्यातील पहिलेच. विषय अर्थातच फोगल. मिलचा मुकादम म्हणाला, "लोक प्रसाद घेऊन उठतील, बघा." तेव्हा ते कासावीस होऊन माझ्याकडे, म्हणजे वस्तीतल्या संस्कृतच्या मास्तराकडे, आले. परगावाहून आलेल्यांच्या आमच्या वस्तीत नव्या माणसाला नाव नंतर विचारतात, गाव आधी. ज्याला गाव सांगता येत नाही, त्याला चहा मिळतो, पण गप्पांत घेत नाहीत. आपल्या शब्दाची अशी गत होऊ नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

"गुरुजी, संस्कृतात फल्गु म्हणजे हलकं ना? रुमालही हलकाच. तुम्ही नुसतं हो म्हणा, मग कोणाची हसायची छाती नाही."

होकार जिभेवर आला होता, हे देवासमक्ष कबूल करतो. परंतु म्हणालो, "ध्वनी जुळला म्हणून कूळ जुळत नाही." खाटेवर पडलेल्या माझ्या उपरण्याची त्यांनी चोख चौपदरी घडी घातली आणि निघून गेले.

भाषणाच्या दिवशी ते ध्वनिक्षेपकासमोर उभे राहिले. मग प्रमाण मराठी सोडून घरच्या अहिराणीत म्हणाले, "हाऊ शब्द कोठला शे, कोनलेच माहीत नही. गुरुजीसकडे एक गाव मांगं, त्यासनी दिधं नही."

मागून एका म्हाताऱ्या लूम-कामगाराने विचारले, "पन तो कापडनंच काम करस ना?"

"हो."

"मंग आपलाच शे. बसाड त्याले."

मांडव मनापासून हसला आणि गृहस्थ पुढे तासभर बोलले. मुकादमही जागचा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी मी भीतभीतच विचारले, "रागावलात का माझ्यावर?"

"नाही गुरुजी. खोटं गाव सांगितलं असतं, तर एक ना एक दिवस तिथला माणूस भेटलाच असता."

पुढे ते मुलीकडे पलसाण्याला राहावयास गेले. आता संध्याकाळी मला कोणी शब्द आणून देत नाही. मात्र कोश चाळताना कुठे 'मूळ अज्ञात' असे दिसले, की पान उलटण्यापूर्वी मी क्षणभर थांबतो.