शेवटचं नाव येईपर्यंत

सिनेमा संपला तरी आमची ही उठायची नाही. थिएटरात दिवे लागायचे, झाडूवाला आत यायचा, माणसं आमच्या गुडघ्यांना धडकत बाहेर पडायची आणि कुसुम पडद्यावरची नावं वाचत बसलेली. मी म्हणायचो, "चल गं, गाडी जाईल." ती म्हणायची, "जाऊ दे. अहो, वाढणाऱ्याचं तोंड न बघता पानावरून उठतात का?"

तिचा भाऊ दत्ता कोल्हापूरच्या स्टुडिओत दिवे उचलायचा. त्याचं नाव एकदाच पडद्यावर आलं, पार तळाला. तोवर सगळे गेलेले. बघायला ही आणि झाडूवाला.

मी सातवी शिकलेला माणूस. एसटीच्या डेपोत उभा जन्म गेला. म्हातारपणी मुलानं, मंदारनं, आम्हाला इथं हॉलंडात, रायस्वाइकला आणलं आणि पाठोपाठ करोना आला. शाळा बंद, ऑफिस घरात. त्यात नात ईरा बापाशी बोलेनाशी झालेली. तिला सिनेमा शिकायचा होता, मंदारला ती इंजिनियर व्हायला हवी होती. जेवताना मीठसुद्धा दोघं आजीमार्फत मागायचे.

दुपारी आजी-नात लॅपटॉपवर सिनेमे बघायच्या. एकदा एक अमेरिकन सिनेमा लावला. बड्या कंपनीचा नव्हे, चार मित्रांनी पदरमोड करून काढलेला. सोळा वर्षांची पोरगी, बाप घर सोडून गेलेला, ती आईशी बोलत नाही. शेवटी दोघी जुनी मोटार धुतात आणि पोरगी म्हणते, "पाणी गार आहे." संपला! मला मध्ये दोनदा डुलकी लागली. कुसुमनं मात्र डोळ्याला पदर लावलेला. नावं संपेपर्यंत तसाच.

मंदारनं जेवताना फोनवर त्या सिनेमाची परीक्षणं काढली. ईराकडं न बघता मोठ्यानं वाचलं, "संथ. दीड तास काहीच घडत नाही. आई, सांग तिला. असलं शिकायचंय म्हणे."

"आजी, दुसऱ्यानं किती छान लिहिलंय, ते बाबा नाही वाचत," ईरा म्हणाली.

कुसुमनं भाताची वाटी खाली ठेवली. "काही घडत नाही? अरे, मुकी झालेली पोर आईशी बोलली. आणखी काय घोडे पळायला हवे होते? त्या लिहिणाऱ्याला म्हणावं, एकदा आमच्याकडं जेवायला ये."

ईरा फसकन हसली. मंदारनं फोन पालथा ठेवला.

"हसू नकोस. मी आहे तोवर बोला रे एकमेकांशी. मी कुठवर मीठ पोचवू?"

हिवाळ्यात तिला ताप आला. डॉक्टर फोनवर म्हणाले, घरीच थांबा, पॅरासिटामॉल घ्या. मग धाप लागली, अँब्युलन्स आली. दारातून जाताना मला म्हणाली, "अहो, स्वेटर घाला." तेवढंच. देवाला तिला नेऊन काय करायचं होतं, मला अजून कळलेलं नाही.

स्मशानगृहात मोजकी माणसं, खुर्च्या लांब लांब, तोंडाला मास्क. गावाकडचे फोनवर बघत होते. सगळं आटपलं. काळ्या कोटातला माणूस दार उघडून उभा राहिला, पुढच्यांची वेळ झाली होती. सगळे उठले, तशी ईरा पुढं गेली.

"थांबा. आजी अशी उठायची नाही."

आणि नावं घ्यायला लागली. जे येऊ शकले नाहीत, त्यांची. मावश्या, जावा, डेपोमागच्या शेजारणी, दूधवाली सुद्धा. मोडक्या मराठीत, पाठ. आजीच्या तोंडून ऐकून ऐकून झालेली. लोक परत खाली बसले.

शेवटी अडखळली. "आणि आजीचा ब्रदर... तो लाइट्सवाला..." नाव आठवेना. रडायला लागली.

"दत्तामामा," मागून मंदार म्हणाला.

ईरानं बापाकडं बघितलं. "दत्तामामा," ती म्हणाली. "थँक्स, बाबा."

मध्ये आजी नव्हती आता. दोघं बरोबरच बाहेर गेली. कोटवाला दार धरून माझी वाट बघत होता. नावं संपली होती. मी बसून होतो.