नानाकाका शूटिंग करताना बोलायचे

फोन आला तेव्हा मी मुरारच्या बाजारात भाजीच्या ठेल्यापाशी उभी होते. ‘नानाकाका गेले,’ एवढंच भाऊ म्हणाला. आणि का कोण जाणे, मला त्यांचा चेहरा आठवेचना. आठवला तो मिटलेला डावा डोळा आणि कॅमेऱ्यामागून चाललेली पुटपुट...

काकांचा कॅमेरा चावीचा, फिल्मचा आणि मुका. एक रीळ जेमतेम तीन मिनिटांचं, ते धुवायला मुंबईला जायचं आणि महिन्याने परत यायचं. त्यामुळे काका उन्हाची वाट बघत तासन्‌तास बसायचे. घेताना मात्र अखंड बोलायचे, कारण आवाज उमटतच नव्हता. सुट्टीच्या दुपारी पडदे ओढून ते रिळं दाखवत. भिंतीवर आमच्या आत्या, मावश्या पिवळसर उजेडात हसायच्या, हात हलवायच्या, आणि खोलीत फक्त मशीनची घरघर. मला अर्धवट झोपेत असल्यासारखं वाटे. काका स्वतः मात्र एकाही रिळात नाहीत.

पुढे राज्याचे दोन तुकडे झाले, कचेऱ्यांची वाटणी झाली आणि काकांच्या शेजारच्या टेबलावरच्या दुबेजींचं नाव नव्या राज्याच्या, रायपूरच्या यादीत लागलं. तीस वर्षांची दोस्ती! निरोपाचा चहा काकांच्या गच्चीवर ठरला. मी नवाकोरा डिजिटल कॅमेरा मिरवत गेले. ‘काका, तासभर चालते ही टेप. कितीही घ्या.’ काका हसले. ‘अगं, कितीही घ्यायचं म्हटल्यावर बघायचं कधी?’ पण कॅमेरा हातात घेतला, डावा डोळा मिटला आणि जुन्या सवयीने बोलत सुटले. घरी येऊन ऐकते तर सगळीकडे यांचीच बडबड! मी शहाणीने तो आवाज पुसून वर सनई चढवली आणि सगळ्यांना कॉप्या वाटल्या. काका नुसतेच म्हणाले, ‘छान झालंय.’

तेराव्यानंतर काकूने विचारलं, ‘इतकी सारी रिळं आहेत गं, पण यांचा आवाज आहे का कुठे? एक बार ऐकायचा होता.’ त्या काळी टेपा आम्ही पुसून पुन्हा वापरत असू. गच्चीवरच्या चहाची मूळ टेप उरली असेल याची मला मुळीच खात्री नव्हती. दोन दिवस घर उलथंपालथं केलं, तेव्हा माळ्यावरच्या पिशवीत ती सापडली. इंदरगंजच्या एका दुकानदाराने ती कॉम्प्युटरवर उतरवून दिली.

काकूकडे टीव्हीला जोडली. ‘ये ना, बस,’ मी म्हटलं. ‘राहू दे, दिसतंय इथून,’ म्हणत ती पदराला हात पुसत स्वयंपाकघराच्या दारातच राहिली. पडद्यावर दुबेजी भजी खात होते. ‘दद्दा, कुछ तो बोलो,’ ते काकांना म्हणाले. ‘बोल रहे हैं, तुम खाओ,’ म्हणाले काका... आणि मग अगदी हळू, स्वतःशीच, मराठीत, ‘उद्यापासून चहाला कुणाला हाक मारू मी?’ हे मी पुसलं होतं.

कॅमेरा वळला. ट्रे घेऊन काकू इकडून तिकडे चाललेली, काळ्या केसांची. चित्र जरा हललं, स्थिरावलं.

‘हिला बघा. सकाळपासून उभी आहे. सांगितलं तर ऐकणार थोडीच... बस गं आता. पाय दुखत असतील. बस जरा.’

‘मग तोंडावर म्हणायला काय झालं होतं हो?’ काकू टीव्हीला म्हणाली.

आणि आत येऊन बसली.