आंटीच्या आजोबांना मी पुसलं

अन्याय झाला तो आमच्या घरमालकीण आंटीवर. मेलबर्नच्या दुसऱ्या लॉकडाऊनमध्ये, रविवारी सकाळी अकराच्या सुमारास, क्रेगीबर्न उपनगरातल्या तिच्या घरात, किचनमधल्या टेबलावर. करणारी मी.

आंटी मूळची वसईची, इथे एका वृद्धाश्रमात नर्स. तिचे आजोबा मुंबईच्या मूकपटांत विनोदी नट होते. हिरो पळायचा, हे पडायचे. बोलपट आले, आवाजाची चाचणी झाली, आवाज बायकी म्हणून त्यांना घरी पाठवलं. पुढचं सगळं आयुष्य केळीच्या बागेत. त्यांचा एकही चित्रपट शिल्लक नाही. उरले फक्त फोटो, आणि प्रत्येकामागे त्यांच्या हातची नोंद: चित्रपटाचं नाव, आणि आपण कुठून पडलो. 'माडावरून, दोनदा.' 'जिन्यावरून. गादी सरकली, हात मोडला.' लहानपणी वाचलेलं हे पडणं आंटीला पाठ होतं. चित्रपटांची नावं नाही.

विमानं बंद म्हणून कित्येक महिने अडकलेलं फोटोंचं पार्सल शनिवारी आलं. बुधवारी एक चित्रपट अभ्यासक ते झूमवर बघणार होती. तिची अट एकच: चित्रपट कळला तरच नटाची नोंद होईल.

रविवारी आंटी शिफ्टला गेली. घरात येणारी प्रत्येक वस्तू सॅनिटाइझ करायची हा नियम माझा. दूध, कोथिंबीर, किल्ल्या, सगळं. चेहऱ्यांवर फवारा नको म्हणून मी फोटो टेबलावर पालथे मांडले आणि एकदम फवारले. ओलं लागलं की विरघळणारी जुनी पेन्सिल ती. अक्षरं जांभळी होऊन पसरली. मी टिश्यूने टिपायला गेले, उरलीसुरलीही गेली.

आंटी आली. मास्कचे वळ गालावर तसेच.

"भाडेकरूंच्या हक्कांचं पत्रक तुझ्या खोलीच्या दारावर कुणी चिकटवलं?"

"मी."

"काय लिहिलंय? वाच."

"न विचारता खोलीत शिरू नये."

"मी कधी शिरले?"

"नाही."

"मग माझ्या आजोबांना तू कुणाला विचारून पुसलंस?"

मी सेफ्टी वगैरे म्हणाले. ती हात धुवायला निघून गेली.

मग वसईतल्या तिच्या शंभरीला टेकलेल्या आत्याला व्हिडिओ कॉल. आत्याला दोन नावं आठवली. बाकीच्यांचं विचारलं तर म्हणाली, "नावं कोण बघतंय गं? आम्ही बाबा पडायची वाट बघायचो."

बुधवारी दोन फोटोंची नोंद झाली. बाकीच्यांवर 'चित्रपट अज्ञात'. मी त्या अभ्यासकावरच चिडले. "चेहरा तोच आहे, दिसत नाही का?"

"दिसतोय," ती म्हणाली. "पण चित्रपट कुठला?"

आंटी माझ्याकडे बघतही नव्हती.

आता तुम्ही. मुंबई, ठाणे, वसई, कुठेही घरात जुनी पेटी असेल तर आज उघडा. बारीक माणूस, जाड भुवया, शिडीला उलटा लटकलेला किंवा विहिरीच्या काठावरून घसरताना. असा फोटो सापडला तर ज्याचा असेल त्याला आधी विचारा, कोरड्या हाताने तो पालथा करा, आणि मागे काय लिहिलंय ते मला कळवा.